टाक्याचं गणित

नकाशात या टेकडीला नाव नाही,
फक्त उंची आहे.
रास अल खैमाच्या उत्तरेला, खजुरीच्या पट्ट्यामागे,
डोंगर जिथे एकदम भिंतीसारखे उभे राहतात
त्याच्या थोडं अलीकडे.
गावातले म्हणतात, राणीचा महाल.
कुठली राणी? तर हात वर करतात.
वर म्हणजे किल्ला, की आभाळ, की कोण जाणे.

मला पाठवलंय कुंपण आखायला.
सोबत टेप, तिपाई, पाण्याच्या सहा बाटल्या
आणि पहारेकरी सुहैल बिन मत्तर,
साध्या चपलांत माझ्यापुढे चढणारा,
शेळीने लाजावं असा.

वाट दोनदा वळते.
दुसऱ्या वळणावर, येणाऱ्याची उजवी कूस
तटाकडे उघडी पडते.
ढाल डाव्या हातात असते
हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं.

मी वहीत लिहिते, बुरूज.
सुहैल डोकावून विचारतो, काय लिहिलंस? मी वाचून दाखवते.
बुर्ज, तो म्हणतो. हौद? हौध. किल्ला? कला.
"आमच्याकडून नेलेत. परत कधी करणार?"
वापरून झिजलेत, मी म्हणते, चालतील का?
तो बराच वेळ हसतो, मग खोकतो.

माथ्यावर खोल्यांची जोती तेवढी उरलीत.
डोंगराचाच दगड, अनगड, मातीत बसवलेला;
बरा दगड होता तो खालच्या गोठ्यांत गेला.
पायाखाली खापरं.
एकावर निळी पाकळी, अर्धी,
चीनहून गलबतात बसून आलेली.
इथून बंदर दिसायचं म्हणे. आता समुद्रच मागे सरकलाय,
मध्ये सिमेंटचा कारखाना.

महाल पडला. टाकं उभं आहे.
कमानीचं छत, पिंपासारखं आडवं,
आत वाकून उतरावं लागतं
आणि उतरल्यावर घाम आपोआप थांबतो.
गिलावा राखाडी-गुलाबी, विटकरीच्या भुकटीचा.
कोपरे कोपरे ठेवलेच नाहीत, गोलावलेत.
पाणी पळायचं झालं तर आधी कोपरा धुंडाळतं.
थापीचे फटकारे अजून दिसतात, सगळे उजवीकडून डावीकडे.
एका जागी हात थांबलाय.
जेवायला गेला असेल.

लांबी साडेनऊ. रुंदी अडीच.
पाण्याची रेघ तीन मीटरवर.
मी तिथेच, उकिडवी बसून, हिशेब मांडते:
एकाहत्तर हजार लिटर.
शंभर माणसं, माणशी पाच,
एकशे बेचाळीस दिवस वेढा सोसता आला असता.

"आणि गाढवं?" वरून सुहैलचा आवाज, छताला आपटून येतो.
बरं. दहा गाढवं, प्रत्येकी वीस.
एकशे एक दिवस.
"आणि बाळंतिणी? वेढा पडला म्हणून
बायका बाळंत व्हायच्या थांबतात काय?
माझी चौथी मुलगी वादळात झाली.
पाणी किती लागलं, विचार माझ्या बायकोला."
मी विचारत नाही. नव्वदवर आणते.
"पाहुणे," तो म्हणतो.
सुहैल, वेढ्यात पाहुणे?
"पाहुण्याला काय ठाऊक."

आमच्या छावणीत टँकर दिवसाआड येतो.
माणशी किती, हे कुणीतरी
थंड खोलीत बसून असंच काढलं असणार,
गाढवं, बाळंतिणी, पाहुणे न धरता.

बाहेर येते तर ऊन कलंडलेलं.
टाक्याच्या तोंडाशी एक पन्हळ आहे, बोटभर खोल,
खडकावरून पाऊस गोळा करत आलेली.
वर्षाकाठी चार सरी,
त्याही कुणी वाया जाऊ दिल्या नव्हत्या.
तिच्या मागे मागे चालत जाते.
ती माझ्या कुंपणाच्या बाहेरून सुरू होते.

मंजूर नकाशा गुंडाळून काखेत घेते.
खुंटी उपटते.
अकरा पावलं वर.
सुहैल न सांगता टेपचं दुसरं टोक धरतो,
आणि शेवटच्या बाटलीतलं उरलेलं पाणी
माझ्याकडे बघत
पन्हळीत ओततो, थेंबभरच,
उतार अजून चालतो का ते बघायला.